बालसंरक्षण विधी, आंतरजालीय

अठरा वर्षांखालील व्यक्तींची ओळख व वैयक्तिक माहिती आंतरजालावर सुरक्षित राखणे आणि तेथे होणाऱ्या शोषणापासून त्यांचे रक्षण करणे, यांसाठी केलेल्या कायदेशीर तरतुदी. भारतात या विषयावर एकच स्वतंत्र अधिनियम नाही. निरनिराळ्या अधिनियमांतील कलमे एकत्र वाचावी लागतात.

पीडित बालकाचे नाव प्रसिद्ध करू नये, हे तत्त्व आंतरजालाहून जुने आहे. वृत्तपत्राच्या बाबतीत मुद्रक व प्रकाशक निश्चित असल्याने त्याचे पालन करविणे तुलनेने सोपे होते. आंतरजालावर मात्र मजकूर पाठविणारा प्रत्येक जण प्रकाशक ठरतो व मूळ मजकूर काढून टाकल्यावरही त्याच्या प्रती शिल्लक राहतात. ही अडचण भंडारा जिल्ह्यातील एका प्रकरणात प्रकर्षाने दिसून आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथे तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. त्यासंबंधी राज्यसभेत निवेदन करताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी मुलींची नावे उच्चारली. विरोधी सदस्यांच्या आक्षेपानंतर ती कामकाजाच्या नोंदीतून वगळण्यात आली. परंतु एकदा उच्चारलेले नाव नोंदीतून वगळले, तरी लोकांच्या स्मरणातून व प्रसारणातून ते परत घेता येत नाही.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ हा त्याआधी जेमतेम तीन-चार महिने, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, अमलात आला होता. त्याच्या कलम २३ नुसार बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर किंवा ओळख पटविणारा अन्य तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई असून भंगाबद्दल सहा महिने ते एक वर्ष कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निपुण सक्सेना प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई समाजमाध्यमांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. पीडित व्यक्ती मृत असली, तरी केवळ नातेवाइकांच्या संमतीने तिचे नाव उघड करता येत नाही, असेही न्यायालयाने ठरविले.

बालकांचे लैंगिक चित्रण असलेली सामग्री प्रसिद्ध करणे, पाठविणे, शोधणे वा उतरवून घेणे, तसेच बालकांना आंतरजालावरून फूस लावणे, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ख (२००८ ची सुधारणा) अन्वये गुन्हे आहेत. पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

वरील तरतुदी मुख्यतः हानी झाल्यानंतर शिक्षा करणाऱ्या आहेत. माहिती गोळा करणाऱ्यावरच आधी बंधन घालण्याची कल्पना नंतर रुजली. अमेरिकेत १९९८ च्या अधिनियमाने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक केली. भारतात न्या. पुट्टस्वामी प्रकरणात (२०१७) खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला. पुढे अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ ने पालकांची पडताळणीयोग्य संमती अनिवार्य केली आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. भंगाबद्दल दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू व्हावयाची आहेत.

संमतीच्या तत्त्वालाही मर्यादा आहेत. एकच भ्रमणध्वनी सारे घर वापरते, तेथे पडद्यापुढे बालक आहे की प्रौढ, हे ओळखणे कठीण असते. वयाची खात्री करण्यासाठी आणखी माहिती मागितली, तर जिचे रक्षण करावयाचे तीच माहिती अधिक गोळा होते. शिवाय बालकाची छायाचित्रे पुष्कळदा पालकच प्रसृत करतात. बालकांसाठी १०९८ व सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० या दूरध्वनी क्रमांकांवर मदत मागता येते. तथापि प्रकट झालेली ओळख परत झाकता येत नसल्याने या विधींचे यश झालेल्या शिक्षांपेक्षा टळलेल्या प्रकटीकरणावरून मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.