कोयत्याचे पाते तुटते तेव्हा



दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी गावे रिकामी होऊ लागतात. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागांतील भिल्ल व पावरा कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे किंवा राज्यातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. माणसांना हत्याराचेच नाव पडले आहे, यावरून ते हत्यार तुटले म्हणजे काय होते याची कल्पना यावी. दिवस मोडतो, खाडा पडतो, आणि नवा कोयता मुकादमाकडून घेतला तर त्याचे पैसेही अंगावर चढतात. तुटलेला तुकडा कोणाच्या पायात किंवा डोळ्यात गेला, तर नुकसान पैशांत मोजता येत नाही.

केंद्राच्या कार्यशाळेत मी मुलांना लोहारकाम शिकवतो. तुटलेले कोयते, विळे, कुऱ्हाडी रोज हाताखालून जातात. त्यांवरून जे कळले ते या अंकात मांडत आहे. आपल्या शिक्षकांनी, सेविकांनी व पाळकांनी टोळ्या निघण्यापूर्वी हे गावात वाचून दाखवावे, ही विनंती.

पाते तुटल्याबरोबर काय करावे

आधी काम थांबवावे आणि शेजारच्यांनाही थांबायला सांगावे. उसाच्या पाचटात पडलेला तुकडा दिसत नाही. तो हाताने किंवा अनवाणी पायाने चाचपू नये. काठीने पाचट बाजूला सारत शोधावा, जाड फडक्यात गुंडाळून ठेवावा. तुकडा सापडेपर्यंत लहान मुलांना तेथे येऊ देऊ नये. फडात मुले सोबत असतातच, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

अर्ध्या उरलेल्या पात्याने तोड चालू ठेवू नये. कोयत्याचा तोल गेलेला असतो, घाव आखूड पडतो आणि हात नको तेवढा पुढे जातो. शिवाय एकदा तडकलेले पाते दुसऱ्यांदा लवकर तुटते. दोन जोड्यांमागे एक जादा कोयता सोबत ठेवला, तर ही वेळ येत नाही.

जखम झाली असेल तर स्वच्छ कापडाने निदान १० मिनिटे घट्ट दाबून धरावे; मध्ये मध्ये उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. माती, राख, तंबाखू किंवा चुना जखमेत भरू नये. तुकडा आत रुतला असेल तर तो ओढून काढू नये, कारण काही वेळा त्यानेच रक्त अडवलेले असते. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवून बांधावे आणि दवाखाना गाठावा. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये व दाबू नये. जखम लहान असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे का ते विचारावे.

पाते का तुटते

तुटलेली कड उजेडात धरली तर ती स्वतःच कारण सांगते. कडेचा काही भाग काळा किंवा गंजलेला आणि बाकीचा चकचकीत असेल, तर तडा जुना होता. घावाने त्याचा फक्त शेवट केला. सगळी कड साखरेच्या दाण्यांसारखी भरड चमकत असेल, तर लोखंड भट्टीत फाजील तापवलेले होते. कड बारीक, करड्या रंगाची असेल तर पोलाद ठीक होते. मग पाते दगडावर बसले का, त्याला पीळ पडला का, ते पाहावे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. त्यामुळे दगडाशी गाठ पडतेच. घाव अडकल्यावर कोयता आडवा पिळून काढण्याची सवयही पात्याला मारक आहे. जसा गेला तसाच तो मागे ओढावा.

आपल्याकडचे बहुतेक चांगले कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून बनतात. हे पोलाद उत्तम. पण वापरून थकलेल्या पाट्यात कधी कधी बारीक तडे लपलेले असतात. दुसरे कारण पाणी पाजण्यातले. लाल तापलेले पाते एकदम थंड केले की ते काचेसारखे कडक होते, आणि काचेसारखेच फुटते. म्हणून पाणी पाजल्यावर ते पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घाईत ही दुसरी पायरी गाळली जाते आणि कोयता पहिल्याच आठवड्यात जातो.

मुलांना मी असे शिकवतो. पाते तांबडे लाल झाले, त्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले, की ताप पुरेसा झाला. पांढरे होऊ देऊ नये. मग फक्त धारेची बाजू तेलात बुडवावी. कमानपाट्याला थंड पाण्यापेक्षा तेल मानवते. धार बाहेर काढून दगडाने घासून उजळ करावी. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि रंग दिसू लागतात: आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. भाजीच्या सुरीला पिवळा रंग चालतो. घाव सोसणाऱ्या कोयत्याला जांभळा येऊ द्यावा आणि तो निळ्याकडे झुकताच सगळे पाते तेलात सोडावे. धार थोडी लवकर बोथटते, पण निसण्यावर पाच मिनिटांत परत येते. तुटलेले पाते परत येत नाही.

निघण्यापूर्वीची तपासणी

पाते स्वच्छ पुसून रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर त्यातले रॉकेल पाझरून पुडीत ओली रेघ उमटते. मुठीजवळची जागा विशेष पाहावी. पाते जिथे एकदम अरुंद होते तिथेच ते बहुधा तुटते. तो कोपरा कानशीने गोल करावा. मूठ बाभळीची किंवा शिसवाची असावी, तिच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट असावी.

तुटलेला कोयता वेल्डिंग करून पुन्हा फडात नेऊ नये. जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि तिथूनच पाते उडते. तुकडे मात्र फेकू नयेत. त्यांतून घरची सुरी, खुरपे किंवा विळीचे पाते निघते.

पवित्र शास्त्रात २ राजे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अलीशाच्या शिष्याची गोष्ट आहे. यार्देनकाठी लाकूड तोडताना त्याच्या कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडले आणि तो कळवळला, कारण कुऱ्हाड उसनी आणलेली होती. उचल घेऊन फडात उभ्या असलेल्या माणसाला ही कळवळ समजावून सांगावी लागत नाही. देवाच्या माणसाने ती गोष्ट क्षुल्लक मानली नाही. आपणही मानू नये.

ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांनी कानशी, निसणे आणि तडा नसलेले जुने कमानपाटे कार्यशाळेकडे पाठवावेत. गावातील सेवकांनी टोळी निघण्याच्या आठ दिवस आधी कोयते गोळा करून आणावेत. तपासून, धार लावून ते वेळेत परत मिळतील.