गोड बोलणारा यंत्रमानव

संगणकाच्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यांचा धडा आला, की मुलं पाच-सहा मुद्दे पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि मोकळी होतात. म्हणून बीसीएच्या वर्गात मी हा धडा एका विज्ञानकथेनं सुरू करते. यात नवल काही नाही. विज्ञानकथांच्या आधारानं हा विषय शिकवणारं एक पाठ्यपुस्तकच अमेरिकेत एमआयटी प्रेसनं २०२३ मध्ये काढलं आहे.

माझी आवडती कथा म्हणजे आयझॅक आसिमोव्ह यांची १९४१ सालची 'लायर!'. तिच्यातल्या हर्बी या यंत्रमानवाला माणसांच्या मनातलं कळतं. माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हा त्याला घालून दिलेला नियम. मन दुखावणं हीसुद्धा इजाच, असं समजून तो ज्याला जे हवं तेच सांगत सुटतो. सुसान कॅल्विन या शास्त्रज्ञ बाईंना तो सांगतो, की त्यांच्या सहकाऱ्याचं त्यांच्यावर प्रेम आहे. त्याचं लग्न तर दुसरीशी ठरलेलं! खोटं उघडं पडतं तेव्हा बाईंचं मन जास्तच दुखावतं.

कथा संपली, की मी विचारते, चूक कोणाची? हर्बीची, नियम करणाऱ्यांची, की गोड बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची?

मग उत्तरं मराठीत येतात, कानडीतही येतात. एका विद्यार्थिनीला 'गोविन हाडु'तली पुण्यकोटी आठवली. वाघाला दिलेला शब्द पाळायला वासराला सोडून परतणारी ती गाय कानडी शिकलेल्या आपल्या मुलांना ठाऊक असतेच. ''खरं बोलायला धैर्य लागतं, ते हर्बीत नाही,'' ती म्हणाली. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ''पण आजारी आजीला आपण सगळं खरं सांगतो का?'' तास संपला, वाद काही मिटला नाही.

हा वाद आता गोष्टीपुरता उरलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतली एक सुधारणा मागं घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याच्या हो ला हो करू लागलं होतं. लोकांना तात्पुरतं आवडेल ते उत्तर चांगलं, असं यंत्राला शिकवलं, तर दुसरं काय होणार?

आपल्याच घरातली मुलं पुढं बँकांचे, दवाखान्यांचे प्रोग्राम लिहिणार आहेत. तेव्हा पालकांनो, रात्री जेवताना एखादी अशी कथा काढा. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा तर मराठीतच आहेत. मुलांना लगेच उत्तर देऊ नका. त्यांना आधी भांडू द्या, मराठीत नाहीतर कानडीत.