नाट्यगृहाचा आवाज : आधी वास्तू, मग यंत्र

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' या नावाने उभारलेली, १९१५ साली पूर्ण झालेली ही वास्तू रंगमंचासह होरपळून गेली. शासनाने निधी जाहीर केला, पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले आणि 'नाट्यगृह होते तसेच उभे राहिले पाहिजे' ही मागणी कोल्हापूरकर रसिकांनी एकमुखाने केली. ही मागणी रास्तच आहे. परंतु 'होते तसे' या शब्दांत नेमके काय काय येते, याचा विचार व्हावयास हवा. कमानी, भिंती, छत यांची छायाचित्रे आहेत. त्यांवरून त्या पुन्हा घडविता येतील. छायाचित्रात आवाज मात्र उतरत नाही. जुन्या नाट्यगृहाची खरी ओळख तर त्याच्या आवाजातच असते.

कोल्हापूर आमच्या निलंग्याहून बरेच दूर आहे. तरीही हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकाला परका वाटू नये. नाट्यगृहांचे नूतनीकरण आज सर्वत्र होते, आणि त्यात 'अद्ययावत ध्वनियंत्रणा' हे कलम हटकून असते. या कलमाखाली नेमके काय विकत घ्यावे, किती घ्यावे आणि त्यापूर्वी काय करावे, हे ठरविण्यात आपण सर्वच जण कमी पडतो.

ध्वनिक्षेपकापूर्वीचा काळ

मराठी संगीत रंगभूमीचा वैभवकाळ यंत्राच्या मदतीवाचून गेला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या 'संयुक्त मानापमाना'चा गाजलेला प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. आज ज्या धर्तीचा ध्वनिवर्धक आपण वापरतो, तो राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी सिद्ध केला १९२५ साली. म्हणजे केशवरावांच्या हयातीत नटाच्या गळ्याला साथ होती ती वास्तूचीच. भिंत, छत, लाकडी तक्तपोशी आणि प्रेक्षकांची दाटी, या साऱ्यांनी मिळून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेला. अशा नाट्यगृहाला केवळ इमारत म्हणणे पुरेसे नाही. तंबोऱ्याचा भोपळा जसा वाद्याचाच भाग असतो, तशी ही वास्तू गायकाच्या गळ्याचा भाग होती.

अर्थात त्या काळाचे सरसकट गोडवे गाण्यात अर्थ नाही. आजचा नट हळुवार, खालच्या पट्टीतले संवाद बोलतो. ते त्याचे वैगुण्य नव्हे, नाटकाचीच ती गरज आहे. पार्श्वसंगीत यंत्रावरून येते. वृद्ध प्रेक्षकाला पुटपुटलेला शब्द ऐकू यावा, ही अपेक्षाही न्याय्य आहे. सबब ध्वनियंत्रणा हवीच. वाद आहे तो तिच्या जागेविषयी आणि मर्यादेविषयी.

शास्त्र काय सांगते

सभागृहातील आवाजाचे शास्त्र एका बिघडलेल्या खोलीतून जन्मले. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द का कळत नाहीत, याचा शोध घेण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे सोपविले. त्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत असे. एक शब्द विरण्याआधी पुढचे अनेक शब्द त्यावर येऊन आदळत. सॅबिनने दुसऱ्या एका नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या आणि घुमारा किती घटतो ते मोजले. दालनाचे आकारमान जितके मोठे तितका घुमारा लांबतो, आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखूड होतो, हा त्याचा निष्कर्ष. याच आधारावर बोस्टनचे 'सिंफनी हॉल' १९०० साली उभे राहिले व आजही ते जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

भाषणाला आणि संवादाला साधारण एक सेकंदाचा घुमारा मानवतो. पाश्चात्य वाद्यवृंदाला जवळपास दोन सेकंदांचा. मराठी संगीत नाटकात गद्य आणि पद्य दोन्ही असल्यामुळे त्याला या दोहोंमधला तोल लागतो. हा तोल यंत्राने साधत नाही. घुमारा लांबलेल्या दालनात ध्वनिवर्धकाचा आवाज चढविला की घुमाराही तेवढाच चढतो. शब्द अधिक मोठा होतो, अधिक स्पष्ट होत नाही. शिवाय यंत्राची विद्युत्शक्ती दुप्पट केल्याने आवाज दुप्पट भासत नाही. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते. मोठमोठ्या पेट्यांवर होणारा खर्च कोठे वाया जातो, हे यावरून कळावे.

मोठ्या देशांनाही हा धडा महागात पडला आहे. लंडनचे 'रॉयल फेस्टिव्हल हॉल' १९५१ साली खुले झाले. त्यातील आवाज रुक्ष आहे अशी तक्रार झाली. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात छतात दीडशेहून अधिक ध्वनिग्राहक व ध्वनिवर्धक बसवून घुमारा कृत्रिमरीत्या वाढविण्यात आला. ही युक्ती बराच काळ चालली. पण अखेरीस ती सोडून वास्तूच्या अंतर्भागातच फेरफार करावे लागले आणि २००७ साली ते सभागृह पुन्हा उघडले. न्यूयॉर्कच्या 'फिलहार्मोनिक हॉल'ची कथा याहून बोलकी आहे. १९६२ साली उघडलेल्या या सभागृहाचा अंतर्भाग १९७६ मध्ये पूर्ण पाडून नव्याने बांधला गेला, आणि २०२२ मध्ये सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून पुन्हा एकदा. आरंभी आवाजाचे गणित चुकले की पुढच्या पिढ्या त्याचे हप्ते फेडीत राहतात.

कामाचा क्रम

तेव्हा कोणत्याही जुन्या नाट्यगृहात कामाचा क्रम असा असावा. प्रथम मोजमाप : रिकाम्या व भरलेल्या दालनातील घुमारा, तसेच पंखे, वातानुकूलन आणि बाहेरची रहदारी यांचा गोंगाट. अनेक ठिकाणी नटाचा आवाज लहान नसतो, पंख्याचा मोठा असतो. दुसरी पायरी वास्तूची दुरुस्ती. यंत्राचा क्रम तिसरा. तेथेही रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस दोन अजस्र पेट्या उभ्या करण्याऐवजी, सज्जाखाली आणि मागील रांगांवर लहान ध्वनिवर्धक विखरून लावावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीस मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाकडे नटाचा आवाज पोचावयास सेकंदाचा सतरावा भाग लागतो, तर तारेतून आलेला आवाज डोक्यावरच्या पेटीतून तत्क्षणी बाहेर पडतो. म्हणून पेटीतील आवाज हेतुतः थोडा मागे ठेवावा लागतो. जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेने कान सारा आवाज ऐकतो, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिले. हे पथ्य पाळले तर प्रेक्षकाला पेटीचा पत्ताही लागत नाही. नटच बोलतो आहे असे वाटते.

चौथी गोष्ट माणसाची. लक्षावधींची यंत्रणा बसवून तिच्यासमोर प्रशिक्षित ध्वनिसंयोजक न नेमणे म्हणजे उत्तम घोडा घेऊन स्वार न ठेवणे होय. आणि पाचवी, कोल्हापूरपुरती विशेष महत्त्वाची : सर्व यंत्रे बंद ठेवूनही जेथे पद गाता येईल असे ते नाट्यगृह असावे. निविदेत ही अट लिहिलेली असावी आणि काम स्वीकारण्यापूर्वी तिची परीक्षा व्हावी. ती उतरली तरच 'होते तसे' हे शब्द खरे ठरतील.

आगीचा धडा आणि आमचा मुलूख

येथे एक पेच उभा राहतो. आवाज शोषणारी द्रव्ये, म्हणजे कापडी पडदे, गाद्या, स्पंज, तागाचे तक्ते, बहुधा चटकन पेट घेणारी असतात. सुस्वर नाट्यगृह आणि सुरक्षित नाट्यगृह यांची सांगड घालावयाची तर काचतंतूंच्या अथवा खनिज लोकरीच्या पट्ट्या आणि अग्निरोधक प्रक्रिया केलेले कापड यांचाच आग्रह धरावा लागेल. ही द्रव्ये महाग पडतात. पण या एका बाबतीत काटकसर करण्याचा अधिकार कोणासही नाही.

आमच्या भागाला हा पेच वेगळ्या रूपात ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगडमातीच्या भिंतींवरचा विश्वास हिरावून घेतला. त्यानंतर जे उभे राहिले ते सिमेंट, काँक्रीट आणि पत्र्याचे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण काँक्रीट, फरशी आणि पत्रा ही तिन्ही द्रव्ये आवाज परतवून लावणारी. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय हेच बहुधा नाट्यगृह, तेच व्याख्यानगृह. तेथे वक्त्याचे अर्धे शब्द छतात हरवतात, आणि उपाय म्हणून आणखी एक पेटी आणली जाते. एकनाथांच्या भारुडांचा आणि रात्र रात्र चालणाऱ्या कीर्तनांचा हा मुलूख. शब्द नीट कानी पडणे ही येथे चैन नव्हे. ग्रामसभेत काय ठरले, डॉक्टर काय सांगतात, पीकविम्याची अट कोणती, हेही याच दालनांत ऐकावयाचे असते.

म्हणून निलंग्यासारख्या गावात उद्या सभागृह बांधले जाईल, तेव्हा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच आवाजाचा हिशेब मागितला जावा. बांधताना केलेली तजवीज स्वस्त पडते. मागाहून केलेली दुरुस्ती कधीच पुरी पडत नाही. शाहू महाराजांच्या हाताशी आजची कोणतीही यंत्रे नव्हती, तरी त्यांच्या नाट्यगृहाने शंभराहून अधिक वर्षे नटाचा शब्द प्रेक्षकापर्यंत पोचविला. आपल्या हाताशी यंत्रे आहेत आणि शास्त्रही आहे. कमी आहे ती एवढीच, की शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला काय ऐकू येते, हे विचारण्याची सवय.