बेघरांचा खर्रा आणि पादांशिक क्रम

सालेकसा रेल्वे स्थानकाच्या आडोशाला रात्र काढणाऱ्या बेघरास केवळ ‘खर्रा सोडा’ असे सांगणे आम्हांस अपुरे वाटते. तंबाखूने भूक मारली जाते. म्हणून प्रथम त्याच्या अन्नाची सोय पाहावी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अंगवळणी पडलेले अहितकर सेवन एकदम न तोडता चतुर्थांशाने कमी करण्याचा क्रम सांगितला आहे. त्यानुसार रोजच्या चार पुड्यांपैकी आधी एक सोडवावी. तिच्या वेळेस भाजलेली बडीशेप वा सुकवलेला आवळा द्यावा. नुसती सुपारी मात्र देऊ नये, कारण तीही कर्करोगकारक आहे. तोंड उघडेनासे झाल्यास किंवा पांढरा चट्टा दिसल्यास रुग्णालयात धाडावे. पुढील भेटीचा वार व जागा ठरवावी. पत्ता नसलेल्या रुग्णाचा पाठपुरावा त्यावाचून होत नाही.