इंजिन भंगारात घालण्याआधी बोल्टाचे आटे मोजा!

विहिरीवरचे किंवा गुऱ्हाळावरचे जुने डिझेल इंजिन एका बोल्टावाचून बंद पडलेले तुम्ही पाहिले असेल. वीज नाही, पीक वाळतंय आणि तालुक्याहून आणलेला नवा कोरा बोल्ट काही केल्या बसत नाही. शेवटी वैतागून इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. पण खोट इंजिनात नसते, मापात असते.

आपल्याकडची बरीच जुनी इंजिने इंग्रजी घडणीची. लिस्टर नमुन्याची इंजिने राजकोटलाही बनली. त्यांचे आटे इंची, म्हणजे व्हिटवर्थ मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ साली हे माप मांडले. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली. आज दुकानात सहज मिळतो तो एमएमचा बोल्ट. दिसायला दोन्ही सारखे, पण आटे जुळत नाहीत.

उदाहरण घ्या. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंची बोल्टाला इंचात १८ आटे असतात. आठ एमएमचा बोल्ट जाडीला जवळपास तेवढाच. तो एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, कारण चार आट्यांतच अर्ध्या आट्याचा फरक पडतो. इथे मोठा पाना लावून जोर केलात की संपले! बोल्ट पोलादी, इंजिनाचे अंग बिडाचे. बिडाचे आटे उडतात आणि छोटा खर्च मोठा होऊन बसतो. अर्धा इंचीचीही तीच गत. व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन मापाला १३. दुकानदार ‘इंचीच आहे’ म्हणाला, तरी मोजूनच घ्या.

मोजायचे कसे? जुना बोल्ट, तुटका असला तरी, फेकू नका. तो साफ करून कागदावर दाबा, पट्टीने एक इंच धरा आणि वळ मोजा. दुकानात नवा बोल्ट जुन्याला आडवा लावून उजेडाकडे धरा. आट्यात आटा बसून मधून उजेड दिसला नाही, तर माप जुळले. नवा बोल्ट आधी हाताने फिरवा. हाताने पाच-सहा फेरे गेला, तरच पाना लावा.

बोल्ट गंजून बसला असेल तर रात्रभर रॉकेल किंवा डिझेल सोडा. सकाळी डोक्यावर हलके ठोके द्या, किंचित आवळा, मग सोडवा. भोकाचे आटेच गेले असतील तर लेथवाल्याकडे जा. तो भोक मोठे करून नवे आटे पाडतो किंवा बुश बसवून जुनेच माप परत आणतो. दुकानात बोल्ट न मिळाला तर जुना नमुना दाखवून तोच करून घ्या.

मात्र एक लक्षात ठेवा. झाकणाचा बोल्ट जुगाडाने चालेल, कनेक्टिंग रॉडचा चालणार नाही. तो तुटला तर चालते इंजिन फुटते. तिथे त्याच इंजिनाचा, त्याच कामासाठी बनवलेला बोल्ट हवा. फ्लायव्हीलच्या चावीचेही तसेच. ढिली चावी पत्र्याचा तुकडा घालून चालवू नका.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. पंचायतीच्या पाणीयोजनेचे जुने इंजिन जडवस्तू नोंदवहीत ‘नादुरुस्त’ म्हणून पडले असेल, तर निर्लेखनाचा ठराव करण्याआधी एखाद्या जाणत्या फिटरला दाखवा. कदाचित एक बोल्टच हवा असेल.

आजच एक डबा करा. सुटलेला प्रत्येक नट, बोल्ट, वायसर त्यात टाका आणि कुठला कुठे होता ते चिठ्ठीवर लिहा. पाण्याच्या पाळीला हाच डबा तुमची धावपळ वाचवील.