जहाज कोणासाठी थांबत नाही

व्यापारी बंधूंनो, गाठी एक दिवस उशिरा आल्या तर पार्टी रागावते, पण सौदा बहुधा टिकतो. क्रूझच्या जहाजाचे तसे नाही. सुटण्याच्या तास-दीड तास आधीच चढणे बंद होते, आणि भरलेले पैसे बुडाल्यातच जमा.

आम्ही इस्तंबूलहून ग्रीसच्या बेटांकडे जाणारे जहाज धरणार होतो. स्वस्त पडावे म्हणून मुंबई-दुबई एक आणि पुढचे दुसरे, अशी वेगळी तिकिटे काढली. पहिले विमान उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले. दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. वाचवले त्याच्या तिप्पट नव्या तिकिटात गेले. दोन दिवस आधी निघालो होतो, म्हणूनच जहाज मिळाले.

तेव्हा सबंध प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. मग विमान चुकल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला, दुसरा आशियाच्या. तिकिटावर नाव नीट वाचावे. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. जहाज ग्रीसहून तुर्की बंदरात येऊन पुन्हा ग्रीसला जाणार असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा.

हाती राहिलेला दिवस फुकट जात नाही. कापडवाल्यांनी लालेली आणि मेर्तेरचा घाऊक कपडाबाजार पाहावा. जहाजे लागतात ते गलातापोर्ट, २०२१ मध्ये सुरू झालेले, शहरातच आहे.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे. आम्ही हे पैसे मोजून शिकलो.