वस्तऱ्याच्या धारेची परीक्षा

वस्तरा गळ्याशीं आला म्हणजे बोलका माणूसहि गप्प बसतो. त्या घटकेला त्याला दोन गोष्टींवर विश्वास ठेवावा लागतो. एक कारागिराचा हात आणि दुसरी त्याच्या हत्याराची धार. हात कसा आहे हें ओळखीनें समजतें. धार कशी आहे हें मात्र बहुतेकांना हजामत सुरू झाल्यावर, म्हणजे उशिरानें, समजतें. वस्तरा गालाला लागण्यापूर्वीं त्याची धार पारखतां येते काय, आणि येत असल्यास कोणत्या रीतीनें पारखावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्यांत माणसाची कातडी आणि कांहीं वेळां त्याचें आरोग्यहि गुंतलेलें असतें.

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं १ मे रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा धानाचा आणि बिडीचा मुलूख. येथील माणसाला धार ही वस्तु परकी नाहीं. दिवाळीच्या सुमारास धान कापणाऱ्या बाईच्या हातांत विळा असतो, आणि तेंदूचें पान कापणाऱ्या बिडी-कामगाराच्या हातांत कात्री असते. परंतु विळा चांगला आहे हें ज्या खुणेनें ओळखावें त्या खुणेनें वस्तरा ओळखूं गेल्यास फसगत होते. विळ्याच्या धारेला बारीक दांते असले तरी बिघडत नाहीं. उलट ते उपयोगीच पडतात. कारण धानाची मूठ डाव्या हातानें आवळून धरलेली असते आणि विळा तिच्यावरून ओढला जातो. पेंढीला पळावयास जागाच नसते. कात्रीचेंहि तेंच. तिचीं दोन पातीं पानाला दोहों बाजूंनीं धरतात आणि मग कापतात.

दाढीच्या केसाची गोष्ट निराळी आहे. त्याचें एक टोंक कातडींत रोवलेलें असतें आणि दुसरें मोकळें असतें. त्याला धरून ठेवणारें कोणी नाहीं. धार बोथट असली कीं केस तुटण्याऐवजीं वांकतो, पात्याखालून निसटतो, नाहीं तर मुळापाशीं ओढला जातो. डोळ्यांत पाणी येतें तें या ओढीमुळें. मग कारागीर हाताचा जोर वाढवितो, आणि तो जोर केसाऐवजीं कातडीवर पडतो. धारदार वस्तऱ्यापेक्षां बोथट वस्तऱ्यानें अधिक जखमा होतात, त्याचें कारण हेंच. म्हणून वस्तऱ्याच्या धारेची खरी व्याख्या अशी करतां येईल, कीं मोकळ्या केसाला वांकावयास अवसर न देतां जी तोडते ती धार. परीक्षाहि याच व्याख्येला धरून असली पाहिजे.

आतां धार म्हणजे काय तें पाहूं. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पातें दोहों बाजूंनीं उतरत जाऊन धारेशीं मिळतें. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर असली, तर दोन्ही बाजू सुमारें १६ अंशांच्या कोनांत मिळतात. सहाणेवर वस्तरा घांसतांना पाठ आणि धार दोन्ही टेकवून तो सपाट फिरवितात. त्यामुळें हा कोन हाताच्या अंदाजानें साधावा लागत नाहीं, पाठच तो सांभाळते. दाढीच्या केसाची जाडी ढोबळ मानानें एक दशांश मिलिमीटर धरली, तर उत्तम लावलेल्या धारेचें टोंक त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि बारीक असतें. इतकी बारीक वस्तु नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं.

आणि हीच पहिली परीक्षा आहे. दिव्याच्या उजेडांत वस्तरा धार वर करून धरावा आणि धारेकडे सरळ पाहावें. धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती जागा बोथट झाली आहे. कारण उजेड परतविण्याइतकी सपाटी तेथें तयार झाली आहे. रेघ नसून मधून मधून चमकते ठिपके दिसले तर तेथें धार मोडली आहे. कांहींच दिसलें नाहीं तर पुढची परीक्षा करावी. ही उजेडाची परीक्षा वाईट वस्तरा बाजूला काढण्यास पुरेशी आहे. चांगल्या वस्तऱ्याची ग्वाही देण्यास मात्र ती अपुरी पडते.

दुसरी परीक्षा नखाची. आंगठ्याचें नख ओलें करून त्यावर वस्तऱ्याची धार मुठीकडून टोंकापर्यंत, हत्याराच्या वजनाखेरीज कोणताहि भार न देतां, हलकेंच ओढावी. धार नखावरून गुळगुळीत घसरली तर ती बोथट आहे. ती नखांत किंचित् रुतून एकसारखी चालली तर तीक्ष्ण आहे. मध्येंच खरखर लागली तर दांते पडले आहेत. या परीक्षेंत ज्ञान पुष्कळ मिळतें, परंतु त्याची किंमत धारेलाच द्यावी लागते. नख कठीण असल्यानें धार थोडी तरी उतरते. म्हणून ती सहाणेचें काम चालू असतांना करावी. वस्तरा तयार झाल्यावर करूं नये.

आंगठ्याच्या पेरावर धार आडवी टेकवून पाहणारे कारागीर अनेक आहेत. ज्यांच्या बोटाला वर्षानुवर्षांचा सराव आहे त्यांना तेवढ्या स्पर्शानें पुष्कळ समजतें. परंतु हें ज्ञान बोटांतच राहतें, तें शब्दांनीं दुसऱ्याला देतां येत नाहीं. आणि नवशिका तें मिळवूं गेला तर बोट कापून घेतो. शिवाय कातडीला जें टोचतें तें केसाला कापेलच असें नाहीं. नुकत्याच घांसलेल्या खरबरीत धारेचा स्पर्श बोटाला फार तिखट लागतो, आणि तीच धार गालावर आग करते.

हातावरील लव उतरवून दाखविणें हा प्रकारहि सर्वत्र आढळतो. पाहणाराला त्याचें नवल वाटतें. परंतु नीट लावलेली भाजीची सुरीसुद्धां लव उतरविते, कारण ती लव बारीक असते आणि सुरी कातडीला चिकटून फिरते. मात्र धार कातडीपासून चार-पांच मिलिमीटर उंच धरून फिरविली आणि तरीहि लवेचीं टोंकें तुटून पडलीं, तर त्या परीक्षेला वजन आहे. येथें केस मोकळा असतो, त्याला टेकू नसतो.

हेंच तत्त्व केसाच्या परीक्षेंत पूर्णपणें उतरलें आहे. डोक्याचा एक धुतलेला, कोरडा केस घ्यावा. तो मुळाकडून चिमटींत धरावा. केसावर घराच्या छपरावरील कवेलूंसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांचीं तोंडें टोंकाकडे असतात. म्हणून केस कधीं मुळाकडून व कधीं टोंकाकडून धरल्यास उत्तर बदलतें. दाढीचा केसहि मुळाशींच धरलेला असतो, तेव्हां परीक्षेंतहि तसाच धरणें योग्य. वस्तरा धार वर करून स्थिर ठेवावा आणि चिमटीपासून दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर केस त्या धारेवर अलगद टेकवावा. केस टेकतांच निमूटपणें दोन तुकडे होऊन पडला, तर वस्तरा तयार आहे. थोडा ओढावा लागून बारीक आवाज करून तुटला, तर वस्तऱ्याला चामड्याचा पट्टा हवा. केस वांकून घसरला किंवा उभा चिरला गेला, तर पट्ट्यानें भागणार नाहीं, सहाणच पाहिजे. हीच परीक्षा मुठीपाशीं, मध्यावर आणि टोंकाशीं अशी तीन जागीं करावी; कारण पुष्कळ वस्तरे मध्यावर उत्तम आणि टोंकाशीं मुके असतात. केसांची जाडी माणसागणिक भिन्न असते, म्हणून आज आणि उद्यांची तुलना करावयाची असेल तर एकाच डोक्याचे केस वापरावे.

चामड्याचा पट्टा वस्तऱ्याला नवी धार देत नाहीं. असलेली धार तो सरळ आणि स्वच्छ करतो. पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढें व धार मागें अशा रीतीनें ओढावा, आणि उलटतांना पाठीवर उलटावा. धार पुढें केली तर पट्टा कापला जातो आणि धारहि मरते. सहाणेवर नेमकें याच्या उलट, धार पुढें करून चालतात.

येथें एक शंका साहजिक आहे. केस इतका मऊ आणि पोलाद इतकें कठीण, मग धार जाते कशी? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील संशोधकांनीं हा प्रश्न हातीं घेतला, आणि त्यांचा शोध २०२० सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं एका संशोधकानें पात्यानें स्वतःची दाढी केली आणि तें पातें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें. पोलाद केसाहून सुमारें पन्नास पट कठीण असूनहि धारेचे कण उडालेले दिसले. धार एकसारखी झिजून जाते ही समजूत त्यामुळें अपुरी ठरली. पोलादाची घडण सर्वत्र एकजिनसी नसते. केस वांकून धारेवर तिरपा आला आणि नेमका अशा विषम जागीं पडला, कीं तेथील टवका उडतो. वांकणारा केस बोथट धारेला चुकवितो, आणि चांगल्या धारेलाहि तोच मोडतो.

म्हणून केस आधीं मऊ करणें हें धारेच्या रक्षणाचेंच काम आहे. तेंदूचें पान ओलें करून मऊ झाल्याखेरीज बिडी-कामगार त्याला कात्री लावीत नाहीं. कोरडें पान चुरतें. कोमट पाण्यानें दोन-तीन मिनिटें भिजलेला दाढीचा केसहि कोरड्या केसापेक्षां पुष्कळ कमी जोरानें तुटतो. धार उत्तम असूनहि दाढी ओढली जात असेल, तर दोष भिजवणींत तर नाहीं ना, हें आधीं पाहावें. दुसरा शत्रु गंज. पावसाळ्याच्या दमट हवेंत ओला वस्तरा तसाच मिटून ठेवला तर सकाळपर्यंत धारेवर गंज धरतो. तो पुसून, कोरडा करून, तेलाचें बोट फिरवून ठेवावा. शुद्धीसाठीं तो विस्तवावर धरूं नये. पोलादाला दिलेलें पाणी उतरतें आणि मग धार टिकत नाहीं.

शुद्धीचा प्रश्न मात्र टाळतां येत नाहीं. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच्. आय्. व्ही. हे विषाणु रक्तांतून पसरतात, आणि रक्ताचा सूक्ष्म अंशहि पात्यावर डोळ्यांना दिसत नाहीं. एका धारेनें अनेक हनुवट्या करण्याची जुनी रीत या कारणानें त्याज्य ठरली. बदलत्या पात्याचें हत्यार अमेरिकेंत किंग जिलेट यांनीं १९०३ सालीं विक्रीस आणलें होतें. पुढें त्याच जातीचें पातें अर्धें मोडून वस्तऱ्याच्या आकाराच्या मुठींत बसविण्याची रीत आपल्या दुकानांतून रूढ झाली. तेथें धार लावण्याचें काम कारखाना करतो. गिऱ्हाइकानें पाहावयाचें तें एवढेंच, कीं पातें आपल्यासमोर वेष्टनांतून काढलें गेलें आहे. तसें दिसलें नाहीं तर नवें पातें मागण्यांत कोणताहि संकोच नसावा, आणि भला कारागीर त्याचा रागहि मानीत नाहीं.

जुना उघडा वस्तरा ज्यांना स्वतःपुरता वापरावयाचा आहे त्यांनीं तो एकट्यासाठींच राखावा आणि दर वेळीं त्याची परीक्षा करावी. प्रथम उजेड, मग पट्टा, मग केस. या तिहींना मिळून पांच मिनिटेंहि लागत नाहींत. आणि केस तुटला नाहीं, तर त्या दिवशीं दाढी राहिली तरी चालेल, पण तो वस्तरा गालाला लावूं नये.